विकला गेलेला अ‍ॅम्प

मित्रांनो, इलेक्ट्रिक गिटारची तार नुसती छेडली तर ती जेमतेम कुजबुजते. ती कुजबुज चार गल्ल्यांत ऐकू जावी म्हणून जी पेटी लागते, ती पेटी म्हणजे मी. मी एक म्हातारा अ‍ॅम्प आहे. अंगावर खरबरीत तपकिरी कापड, पोटात एक मोठा स्पीकर आणि पाठीत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह. तापायला मला जरा वेळ लागतो, पण एकदा तापलो की कुणाच्या बापाचं ऐकत नाही.

माझे पहिले मालक मिस्टर सिल्वेरा. पिनोल गावच्या पोर्तुगीज मंडळींच्या जेवणावळींत ते माझ्यातून गोड, संथ सुरावटी वाजवत आणि लोक सूप पिता पिता माना डोलावत. पुढे त्यांची बोटं आखडली. मग एका शनिवारी त्यांनी मला घरासमोर विकायला मांडून ठेवलं, मासेमारीचे गळ आणि एका बिघडलेल्या टोस्टरच्या शेजारी. मला फार अपमान वाटला. टोस्टरशेजारी बसायची वेळ यावी!

तेवढ्यात स्केटबोर्डवरून एक पंधरा वर्षांची मुलगी आली. केस हिरवे, गुडघे फुटलेले. ती कोरीन बाप्टिस्टा.

"आजोबा, हा चालतो का?"

"चालतो ना. पण मधूनच टॅक्सीवाल्यांशी बोलतो."

म्हातारा थट्टा करतोय असं वाटून ती हसली. खिशात होतं तेवढं तिने त्यांना दिलं, मला स्केटबोर्डवर बसवलं आणि ढकलत ढकलत घरी नेलं. मित्रांनो, दुकानातून सिल्वेरांकडे आलो तेव्हा मी एकदा विकला गेलो होतो, हे दुसऱ्यांदा. दोन्ही वेळा मला आनंदच झाला. हे मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढे याच शब्दावरून फार रामायण झालं.

कोरीनच्या गॅरेजमध्ये तिघांचा बँड जमला. गिटार आणि गाणं तिचं, बास गिटार लुपे आर्सेची, ड्रम वेस नाकागावाचे. गॅरेजमधलं कपडे धुण्याचं मशीन गळायचं आणि वेसचे पाय कायम डबक्यात असायचे, म्हणून बँडचं नाव पडलं 'ओले मोजे'. गाणी पंक, म्हणजे धडाधड आणि जोरात. पण चाली अशा गोड की शेजारची बाई तक्रार करायला यायची आणि जाताना तेच गुणगुणत जायची. विषय काय, तर गणितात नापास होणं, सोडून गेलेला मित्र, चुकलेली बस. रडगाणीच सगळी, पण उड्या मारत गायलेली. सिल्वेरांकडे मी आयुष्यभर हळू बोललो होतो. इथे मला पहिल्यांदा ओरडायला मिळालं, आणि खरं सांगतो, मला ते मनापासून आवडलं.

या पोरांचं दुसरं घर म्हणजे 'कॅनरी'. खाडीकाठी मासे डबाबंद करायचा जुना कारखाना होता, तो पोरांनीच झाडून-रंगवून गाण्यांचा हॉल केला होता. दारावर मर्ना बसायची, येणाऱ्याच्या हातावर शिक्का मारायला. मर्ना आणि कोरीन जिवाभावाच्या मैत्रिणी. हॉलचे नियम दोघींनीच भिंतीवर रंगवले. ब्रश कोरीनच्या हातात, स्पेलिंग मर्नाचं. दारू नाही. मारामारी नाही. मोठ्या कंपनीशी करार केलेला बँड या स्टेजवर नाही. तिसरा नियम कोरीनने सगळ्यांत ठळक रंगवला, कारण तेव्हा तिला वाटायचं की मोठ्या कंपन्या गाण्यांचा साबण करून विकतात.

पहिली रेकॉर्ड गॅरेजमध्येच झाली. टेप संपत आली होती आणि शेवटच्या गाण्यात एक क्षण सगळे थांबायचे होते. सगळे थांबले. त्या शांततेत मी टॅक्सीवाल्यांचा वायरलेस पकडला आणि माझ्या पोटातून टॅक्सी कंपनीच्या बाईचा आवाज आला: "बाई कोपऱ्यावर उभी आहे, सोबत दोन मांजरं आहेत. मांजरांचं भाडं घेऊ नकोस."

वेस हसत हसत स्टुलावरून पडला. "म्हातारा खरंच बोलतो!"

"परत वाजवू या," लुपे म्हणाली.

"टेपच संपली," कोरीन म्हणाली. "राहू दे. मांजरंही बँडमध्ये."

आणि मांजरांनीच नशीब काढलं. त्या टेपवरून निघालेली तबकडी कॉलेजच्या रेडिओवाल्यांनी वाजवली. लोक फोन करकरून तेच गाणं मागू लागले. आम्ही एका खडखडणाऱ्या व्हॅनमधून गावोगाव फिरलो. माझ्यावर पिझ्झाचे खोके ठेवले गेले, एकदा तर वेस माझ्यावर डोकं ठेवून नेवाडापासून युटापर्यंत घोरला. प्रत्येक गावात गाणं त्या जागी थांबलं की अख्खी गर्दी ओरडायची, "मांजरांचं भाडं घेऊ नकोस!"

मग लॉस एंजेलिसहून मिस्टर हॅलोरन आले. मोठ्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस. पोरांनी त्यांना बुरिटो, म्हणजे हातात धरून खायची भरलेली पोळी, खायला नेलं, तर त्यांनी तो काटा-चमच्याने खाल्ला. लुपेने टेबलाखालून कोरीनला लाथ मारली. बुरिटो काटा-चमच्याने खाणाऱ्यावर विश्वास कसा ठेवायचा? पण त्यांचं बोलणं साधं होतं. ते म्हणाले, तुमची रेकॉर्ड प्रत्येक गावातल्या दुकानात दिसेल.

कोरीनने आठवडाभर नीट जेवण केलं नाही. करारावर सही केली तर कॅनरीचं स्टेज गेलं, कायमचं. तिच्या आयुष्यात घरासारखी दुसरी जागा नव्हती. शेवटी ती मर्नाकडे गेली. तेव्हा मी व्हॅनमध्ये मागे होतो, दार उघडं होतं.

"ज्यांच्या गावात कॅनरी नाही त्या पोरांचं काय, मर्ना? त्यांनी आमचं गाणं ऐकायचं कुठे?"

"गोड बोलू नकोस. विकली जातेयस, एवढं सरळ सांग."

"आणि नियम?"

"नियम तुझ्याच हातचा आहे. चांगला ठळक रंगवलायस."

कोरीनने सही केली. दुसऱ्या दिवसापासून मर्ना तिच्याशी बोलेना. 'विकली गेली' हे आमच्यातलं सगळ्यांत घाण दूषण होतं, चोर म्हटलेलं परवडलं. मला मात्र कळेना की विकलं जाण्यात एवढं वाईट काय? मी विकला गेलो नसतो तर अजून टोस्टरशेजारीच बसलेला असतो!

लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत माझ्यासमोर चकचकीत काळे अ‍ॅम्प उभे केले, कपाटाएवढे. तिथले ध्वनिवाले म्हणाले, "हा डबा गुणगुणतो. बाहेर ठेवा." कोरीन गिटार काढून दाराकडे निघाली. "तो बाहेर तर मीही बाहेर. आमचा आवाज त्याच्या पोटात आहे." मित्रांनो, आयुष्यात माझी एवढी बाजू कुणी घेतली नव्हती. त्या दिवशी मी जरा जास्तच गुणगुणलो.

पुढचं सगळं वाऱ्यासारखं झालं. गाणं गाड्यांच्या रेडिओवर, किराणा दुकानांत, दंतवैद्याच्या खोलीत. टीव्हीवर तिघं उड्या मारताना दिसले आणि मागे कोपऱ्यात मी, केसबिस न विंचरता. फुटबॉलच्या मैदानांत हजारो लोक मांजरांसाठी ओरडत. वेसने इतके कोरडे मोजे घेतले की बॅगेत दुसरं काही मावेना. नेब्रास्काच्या एका खेड्यातली मुलगी भेटायला आली. म्हणाली, तुमचं ऐकून आम्ही गोठ्यात बँड काढलाय. कोरीन तिला मिठी मारून रडली. सही केली ती बरोबर केली, हे तिला त्या दिवशी पटलं. तरी प्रत्येक गावात ती लुपेला विचारायची, "कॅनरीत आज कोण वाजवतंय?"

दौरा संपला आणि ती मला घेऊन थेट कॅनरीत गेली. रविवार होता. रविवारी तिथे सगळ्यांची बैठक भरते आणि हात वर करून निर्णय होतो.

"एकच संध्याकाळ," कोरीन म्हणाली. "जाहिरात नको, नाव नको. आम्हाला इथे वाजवू द्या."

हात वर झाले. विरुद्ध बाजूचे जास्त. मर्नाचाही विरुद्धच. कोरीनने मान हलवली. "बरोबर आहे. नियम चांगला आहे," ती म्हणाली. मैदानंच्या मैदानं भरवणारी माझी पोर तिथे भिंतीला टेकून खाली बसली. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात आतून इनेझ नावाची एक मुलगी धावत आली. संध्याकाळी तिच्या बँडचा पहिलाच कार्यक्रम होता आणि तिच्या अ‍ॅम्पमधून धूर निघत होता. ती माझ्याकडे बघत राहिली.

"तो चालणार नाही," एक मुलगा म्हणाला. "तो ओल्या मोज्यांचा आहे."

"का?" मर्ना म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. "सही यांनी केली. अ‍ॅम्पने केलीय का? मला तरी त्याची सही कुठे दिसली नाही."

अख्खी बैठक हसली. कोरीन उठली आणि इनेझला म्हणाली, "उसना देणार नाही. विकत घे, म्हणजे तो तुझा. खिशात काय आहे?"

इनेझच्या खिशात गिटार छेडायच्या दोन नख्या आणि चिक्कीसारखा अर्धा ग्रॅनोला बार निघाला. कोरीनने ग्रॅनोला बार तिथेच खाल्ला. अशा रीतीने मी तिसऱ्यांदा विकला गेलो, आणि स्टेजवर चढलो.

कोरीन दाराकडे निघाली होती. मर्नाने तिचा हात धरला आणि त्यावर शिक्का मारला. "स्टेजवर बंदी आहे गं. खाली उभं राहायला नाही."

इनेझने पहिलाच सूर चुकवला. मी तोही जोरात सांगितला, तेच माझं काम. पोरं नाचू लागली, एकमेकांना ढकलू लागली. आमच्या नाचात कुणी पडलं की आजूबाजूचे सगळे थांबतात आणि आधी त्याला उचलतात. तिसऱ्या गाण्याला कोरीन धपकन पडली. दहा हात पुढे आले, पण सगळ्यांत आधी पोचला तो शिक्क्याच्या शाईने निळा झालेला हात.

"ऊठ गं, विकाऊ कुठली," मर्ना म्हणाली आणि तिला उभं करून तिच्या गळ्यात पडली. दोघी तशाच, एकमेकींना धरून, गाणं संपेपर्यंत उड्या मारत राहिल्या.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादं जुनं वाद्य धूळ खात पडलं असेल तर त्याला कपाटात कोंडून ठेवू नका. त्याला पुसा, तापू द्या, वाजवा. तुम्हाला वाजवायचं नसेल तर वाजवणाऱ्याला विका, आम्हाला त्यात कमीपणा वाटत नाही. आणि नाचताना शेजारचं कुणी पडलं तर आधी हात द्या. भांडण काय, नंतरही करता येतं.