अंथरूण कोणाचे, ते आधी विचारा

मी एक जुनी तपासणी आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. संगणक सुरू झाला की त्याचा सगळा कारभार एक प्रोग्रॅम हाती घेतो. त्याला कर्नेल म्हणतात. त्या कर्नेलच्या पोटात मी राहते. चार-पाच ओळींची माझी काया आणि एकच माझे काम. डिस्क, नेटवर्क चालवणारे ड्रायव्हर कामाला लागण्यापूर्वी मला विचारतात, "हे कोसळल्यानंतरचे उठणे आहे का?" मी "हो" किंवा "नाही" एवढेच सांगते.

कर्नेलही कधी कधी चालता चालता मरतो. त्या वेळेसाठी मेमरीचा एक छोटा कोपरा राखलेला असतो. तिथे दुसरा कर्नेल जागा होतो. त्याने संसार थाटायचा नसतो. पहिल्याच्या मेमरीत शेवटी काय होते, त्याची नक्कल डिस्कवर उतरवायची आणि यंत्र पुन्हा सुरू करायचे, बस्स. ती नक्कल पाहूनच माणसांना मरणाचे कारण कळते. जागा तोकडी, म्हणून ड्रायव्हरांनी अंग चोरून काम करायचे असते. मरणारा कर्नेल आपल्या मेमरीचा पत्ता दुसऱ्याच्या हाती देऊन जातो. तो पत्ता आहे का, एवढेच मी बघते. अंदाज बांधणे माझ्या स्वभावात नाही.

मला कर्नेलवर काम करणाऱ्या ताईंनी लिहिले. सुरुवातीला कौतुक झाले, मग वर्षानुवर्षे मी फक्त "नाही" म्हणत राहिले, कारण खरोखरच काही कोसळले नव्हते. खरे बोलण्याचा मला कधी कंटाळा आला नाही. इतरांना मात्र आला.

ताईंच्या कचेरीत एक हुशार गडी होता. त्याला सगळे झटपट म्हणत. एके दिवशी तो म्हणाला, "ताई, ही बया जन्मभर नाहीच म्हणत आलीये. हिला कशाला पोसायचं? मेमरी कमी दिसली की समजायचं, यंत्र कोसळलंय. अंथरूण पाहून पाय पसरायचे, झालं."

"अरे, पण अंथरूण कोणाचं आहे, ते नको का विचारायला?" ताई म्हणाल्या. सगळे हसले आणि झटपटचे मत चालले. मी फाइलीत तशीच राहिले, पण मला विचारणारे कोणी उरले नाही. मला राग आला. अजूनही येतो.

ताईंची नणंद गावच्या पंपघरात ऑपरेटर होती. तिथले यंत्र आमच्याच कर्नेलवर चालायचे. एका सकाळी ते कोसळले, पंप थांबले, नळ कोरडे पडले. दुसरा कर्नेल जागा झाला. यंत्र बसवणाऱ्याने अडचण नको म्हणून राखीव कोपरा चांगला ऐसपैस ठेवला होता. झटपटच्या अंदाजाला तो कोपरा मोठा दिसला आणि त्याने ठरवले की काही कोसळलेलेच नाही. डिस्कच्या ड्रायव्हरने नेहमीसारखे पाय पसरले, मेमरी संपली आणि दुसरा कर्नेलही मेला. नक्कल उतरलीच नाही. यंत्र मुके राहिले की बोट माणसाकडे वळते. "तुम्हीच काहीतरी दाबलं असणार," पंपघराचे साहेब म्हणाले आणि चौकशी होईपर्यंत नणंदेला घरी बसवले.

ती ताईंकडे आली. "वहिनी, चहाच्या कपाशिवाय मी कशाला हात लावला नव्हता गं."

"मला माहितेय. पण मला कोण विचारतंय? ते यंत्रानंच सांगायला हवं." यंत्र कोसळताना पडद्यावर उरलेल्या चुकीच्या ओळीचा नणंदेने फोटो काढला होता. तो ताईंनी जपून ठेवला.

झटपटने सगळे तपासले. "माझा अंदाज फसला," तो म्हणाला आणि त्याने स्वतःच्या हाताने मला कामावर परत घेतले. मी काही आभार मानले नाहीत.

सुधारलेला कर्नेल पंपघरात बसला आणि काही दिवसांनी तिथले यंत्र पुन्हा कोसळले. त्या पाळीला खुर्चीत दुसराच ऑपरेटर होता. मला प्रश्न आला आणि मी "हो" म्हणाले. ड्रायव्हरांनी अंग चोरले, नक्कल पूर्ण उतरली. नेटवर्कचा ड्रायव्हर सोडून दिलेल्या, आता त्याच्या मालकीच्या नसलेल्या मेमरीत लिहीत होता, हे तिच्यात लख्ख दिसले. नणंदेच्या फोटोतली ओळ आणि नकलेतली ओळ एकच निघाली. कोणाच्याही बोटाचा त्यात काडीचा संबंध नव्हता. नणंद आपल्या खुर्चीवर परतली. साहेबांनी माफी मागितली नाही. तिने मात्र त्यांच्यासमोर चहाचा कप मुद्दाम पंपांच्या बटणांशेजारी ठेवला.

आता माझ्या डोक्यावर ताईंनी एक ओळ लिहून ठेवली आहे: हिला काढायचे असेल, तर आधी पंपघरात जाऊन या.

मित्रांनो, मला तुमची दया नको. मला जपा, असेही मी म्हणणार नाही. कोणावर बोट ठेवण्यापूर्वी मला विचारा, एवढेच म्हणते. उद्याही मी बहुधा "नाही"च म्हणेन. तरी विचारा.