तिसरी लाल खूण

धाकट्या जावेचा कांजीमास्तरावर राग होता, आणि तो काही आजचा नव्हता. लाँड्रीवाल्यांच्या ऑनलाइन ग्रुपवर सगळे त्याला याच नावाने ओळखत. तिथे तिने एकदा स्वतः इस्त्री केलेल्या कॉलरीचा फोटो टाकला होता. तर हा गृहस्थ चारशे लोकांसमोर म्हणतो, "ही कॉलर आहे की चिंधी?" तेव्हापासून हा माणूस तिच्या डोक्यात गेला होता.

ग्रुपचा नियम साधा. जुन्या सभासदांना लाल खूण करायचा हक्क. मजकूर खोटा किंवा घातक वाटला तर खूण करायची, तीन खुणा पडल्या की तो झाकला जातो. काल संध्याकाळी मास्तराचा मजकूर आला, त्याची सुरुवातच "अडाण्यांनो" अशी. दोन खुणा आधीच पडल्या होत्या. धाकटीने पुढे वाचायची तसदीसुद्धा घेतली नाही. तिसरी खूण ठोकली आणि गुणगुणत शर्टांच्या घड्या घालायला लागली.

सकाळी थोरल्या जावेचा फोन आला. तिची लाँड्री दोन गल्ल्या पलीकडे.

"अगं, चादरींवर गंजाचे डाग पडलेत. ब्लीचने हलेनात मेले. त्याच बादलीत गंज काढायचं ॲसिड घालून बघावं म्हणते. मास्तरांनी काल त्यावरच काहीतरी लिहिलं होतं, पण आता दिसतच नाही बघ." एवढं बोलून तिने फोन ठेवलाही.

थोरली ग्रुपवर नवी. झाकलेलं उघडून पाहायची सोय फक्त जुन्यांना. धाकटीने उघडलं.

"अडाण्यांनो, ब्लीचमध्ये गंजाचं ॲसिड कधीही घालू नका. विषारी वायू सुटतो. माझा भाऊ थोडक्यात वाचला."

तिने उलट फोन लावला, पण तिकडे मशीनच्या घरघरीत ऐकू येईल तर शपथ. इस्त्री बंद केली आणि चपला न घालताच ती धावत सुटली.

थोरली दुकानाच्या पायरीवर चहा पीत बसली होती. ॲसिडच्या बाटलीचं बूच तसंच घट्ट. धाकटी तिच्या शेजारी मटकन बसली आणि रडायलाच लागली.

"अगं, झालं काय? घरी सगळे बरे आहेत ना?"

"ताई, तुम्ही ते ॲसिड घातलंत?"

"छे. मास्तरांचं लिहिणं सापडेना, मग कशाला हात लावू? न वाचता मी काही करत नाही बाई."

ते धाकटीला बरोबर लागलं. तिने सगळं सांगून टाकलं. थोरलीने उरलेला चहा पुढे केला. "आधी हा पी. मग ती खूण काढ."

तिने काढली. मजकूर परत दिसायला लागला. खाली तिने लिहिलं, "तिसरी खूण माझी होती, न वाचता केलेली. चुकले." उरलेल्या दोघांनीही मुकाट आपापल्या खुणा काढल्या.

मास्तराचं उत्तर लगेच आलं. "तुमच्या कॉलरीचा फोटो मीही चष्मा न लावताच पाहिला होता."

दोघी जावा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग थोरलीने आतून आपल्या जुन्या चपला आणून दिल्या, आणि धाकटी त्या घालून सावकाश आपल्या दुकानाकडे निघाली.