झाकण

आमच्या दुकानात दोन नियम आहेत. मोठ्यांच्या शवपेट्या तयार करून ठेवायच्या, लहान मुलाची मात्र कधीच नाही. निरोप आला की मगच फळीला हात लावायचा. आणि पेटीतली उशी त्याच पेटीच्या छिलक्यांनी भरायची, रंध्याखालून गुंडाळत निघतात त्या लाकडाच्या पातळ छिलक्यांनी. नियम सासऱ्यांचे. माझा नवरा, तोंडावर अहो आणि पाठीमागे आमचा सुतार, एरवी कुणाचं ऐकणाऱ्यातला नाही, पण बापाचे हे दोन शब्द त्याने कधी मोडले नव्हते. तो लाकूड बघतो, मी अस्तर शिवते. पेट्यांचं दुकान म्हटलं की लोक तोंड वाकडं करतात. करोत बापडे.

आमच्या मुलीला सगळे पोपट म्हणतात. तोंड म्हणून मिटत नाही पोरीचं. तिच्या रक्तात काहीतरी बिघडलं आणि हॉस्पिटलात मुलांच्या वॉर्डातली खिडकीजवळची कॉट हेच तिचं घर झालं. आधी केस गेले, मग पायांतलं बळ गेलं, बडबड तेवढी राहिली. एकदा नर्सला म्हणाली, "आमच्या दुकानात या ना, बाबा तुम्हाला मस्त पेटी करून देतील." नर्सचा चेहरा बघण्यासारखा झाला. मी हसले, आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकून ढसाढसा रडले.

रोज संध्याकाळी तिच्या उशाशी बसून मी प्रभूची प्रार्थना म्हणायचे. त्यातली एक ओळ मात्र गाळायचे. तुझ्या मनात असेल तसं होऊ दे, असं देवाला सांगायची ती ओळ. मी म्हटलं आणि त्याने खरंच मनावर घेतलं तर? आपणच परवानगी दिल्यासारखं झालं की! ती ओळ आली की खोकल्यासारखं करून पुढे सटकायचे, आणि मग भाकरीचं मागायचे, क्षमेचं मागायचे.

"आई, तू एक ओळ खाल्लीस," पोपट म्हणाला.

"खोकला आला गं."

"कालही तिथेच आला होता."

"गप पड. फार शहाणी झालीस."

नणंद डबा घेऊन यायची आणि म्हणायची, "विश्वास ठेव वहिनी, सगळं ठीक होईल." तिचं काय जातंय बोलायला! विश्वास म्हणजे काय आधण आहे, ठेवलं की उकळायला? आणि आमचा सुतार तर प्रार्थनेला बसेचना. यायचा, लेकीच्या पायाशी बसायचा, तिचे पाय चेपायचा आणि उठून दुकान गाठायचा. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पोर मरणाच्या दारात आणि या माणसाला लाकूड सुचतं!

मग एका सकाळी डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेतलं. औषध लागू पडत नाही, म्हणाले. आता तिला त्रास होऊ नये एवढंच आपल्या हातात आहे.

त्याच दिवशी शेजारच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मास्तरांची पेटी द्यायची होती, काळपट लाकडाची. रडत बसून ते काम थांबणार नव्हतं. अस्तर लावलं, उशी भरायला छिलक्यांचं पोतं उघडलं, हात घातला आणि हात तसाच राहिला. वर काळपट छिलके, खाली पांढरे. खालपर्यंत पांढरेच. पांढरं लाकूड आम्ही फक्त लहान मुलांसाठी वापरतो, आणि लहान मुलाचा निरोप कित्येक दिवसांत आला नव्हता.

उभ्या फळ्यांच्या मागे ती सापडली, छोटी पांढरी पेटी. माप घ्यायची गरजच नव्हती. पोपटाचे सगळे फ्रॉक मीच शिवलेत.

माझं अहो कुठल्या कुठे गेलं. "जिवंत पोरीची पेटी केलीस? निर्लज्जा! तिचे पाय चेपत होतास की माप घेत होतास?"

"दोन्ही," तो म्हणाला.

मी हातोडा उचलला. तो जागचा हलला नाही.

"मोडायची तर मोड. पण ती गेल्यावर माझ्याच्याने होणार नाही. हातच चालणार नाहीत. आणि परक्याने ठोकलेल्या पेटीत मी तिला निजवणार नाही."

मी हातोडा उगारला आणि आत बघितलं. आतला एकेक कोपरा घासून गोल केला होता. झोपेत कोपर आपटून घ्यायची सवय आहे तिला. घरच्या पलंगाच्या कडाही त्याने अशाच घासल्या होत्या. मला पुढे काही करवेना.

"झाकण कुठाय?"

"नाही केलं."

"का?"

"तेवढं देवावर सोडलंय." तो भुशातच खाली बसला. "तू तिथे म्हणतेस, मी इथे म्हणतो. रंधा मारत मारत, अख्खी प्रार्थना. आई एक ओळ गाळते, असं पोपटाने सांगितलं मला. तुझ्या वाटणीची मी म्हणतो."

राग गेला म्हणाल तर नाही गेला. पण इतके दिवस मी एकटीच देवाशी भांडतेय असं वाटायचं, ते त्या दिवशी संपलं. मी हातोडा खिळ्याला टांगला.

संध्याकाळी वॉर्डात प्रार्थना सुरू केली. त्या ओळीपाशी येऊन अडले. पोपटाने डोळे उघडले. तिची बडबडही आता दोन-दोन शब्दांवर आली होती.

"घाबरतेस?"

"हो गं. खूप."

"हात धर. मग म्हण."

हात धरला आणि म्हटली ती ओळ. आवाज चिरकला, पण म्हटली. आभाळ कोसळलं नाही. तिचा हात होता तसाच गरम होता.

"आता बरोबर," ती बाईंसारखी म्हणाली आणि तिने डोळे मिटले.

त्याच आठवड्यात भर दुपारी, नर्स अभ्रा बदलत असताना पोपट गेला. मी तोंडाला येईल ते देवाला बोलले. एवढं बोलले की शेवटी शब्द संपले. त्याने सगळं ऐकून घेतलं असावं, कारण त्यानंतर मला उभं राहता आलं.

दुकानात सुतार झाकणाची फळी बाकावर घेऊन उभा होता. म्हणाला होता तेच झालं, हात चालत नव्हते. रंधा फळीवर नुसता अडखळत होता. नणंद दारातून हळूच म्हणाली, "दुसऱ्या कुणाला बोलावू का?"

"कुणी नको," मी म्हटलं. उशीची शिवलेली खोळ आणि पांढऱ्या छिलक्यांचं पोतं जवळ ओढलं, फळीचं दुसरं टोक घट्ट धरलं. "मी धरते. तुम्ही मारा."

मी मोठ्याने प्रार्थना सुरू केली. तोही माझ्याबरोबर म्हणू लागला, रंधा हळूहळू सरकायला लागला. ती ओळ आली आणि त्याचा आवाज बंद पडला. रंधाही थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं, ओठ हलवले, पण शब्द फुटेना.

त्याच्या वाटणीची मी म्हटली.

रंधा पुढे सरकला. एक लांब पांढरा छिलका गुंडाळत माझ्या मनगटावर आला. तो उचलून मी तिच्या उशीत घातला.