वरच्या कुरणाचं पाणी

तिने झऱ्याच्या पाण्यात कागदी पट्टी बुडवली आणि घड्याळाकडे पाहिलं. मिनिटभरात पट्टी गुलाबी झाली, मग जांभळट. डब्यावरच्या रंगांशी तिने ती दोनदा जुळवली.

"किती?" दादाने विचारलं.

"नायट्रेट पन्नासच्या आत हवं. हे नव्वदच्या घरात आहे."

"म्हटलं नव्हतं? म्हाताऱ्याचा शेणखड्डा." दादाने हनुवटीने खालचा गोठा दाखवला.

सगळी वस्ती याच झऱ्याचं पाणी प्यायची. खालच्या गोठ्याचे म्हातारे काका रोज सकाळी स्वतः कळशी भरून न्यायचे, दोन महिन्यांच्या नातीच्या दुधाच्या पावडरीसाठी. गेल्या आठवड्यात त्या बाळाचे ओठ निळे पडले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पाण्यातल्या नायट्रेटने असं होतं, तपासून घ्या. तेव्हापासून सगळ्यांची बोटं त्या खड्ड्याकडे होती. चार वाजता शाळेच्या खोलीत बैठक होती, गोठा हलवायचा की नाही ते ठरवायला. पाणी तपासणं हे तिचं रोजचं काम, म्हणून वस्तीने तिलाच शहरातून बोलावून घेतलं होतं.

"खड्डा झऱ्याच्या खाली आहे, दादा. पाणी काय चढ चढतं?"

ती वरच्या बांधाकडे निघाली, तसा तोही मागोमाग आला. बांधाखालून एक बारीक झिरपा वाहत होता. तिने दुसरी पट्टी बुडवली. ती झऱ्यापेक्षाही गडद झाली.

बांधाच्या वर दादाचं कुरण होतं. वीस वर्षं तिथे गवत होतं. यंदा ऐन पावसाच्या तोंडावर त्याने ते नांगरलं होतं. नवं बी रुजलंच नाही. जमीन उघडी पडली होती.

"मी तिथे खताची एक गोणीसुद्धा टाकलेली नाही," दादा म्हणाला.

"टाकावी लागत नाही. जुन्या मुळांत नत्र साठलेलं असतं. नांगरलं की त्याचं नायट्रेट होऊन मोकळं होतं. वर शोषून घ्यायला गवत नाही, मग पाऊस ते खाली घेऊन जातो."

दादा तिच्या अगदी जवळ आला. "हे तुला ठाऊक, मला ठाऊक. तिसऱ्याला कशाला? वस्तीत राहायचंय मला."

तिने नमुन्याच्या बाटलीचं घट्ट बसलेलं बूच पुन्हा पिळलं आणि तिसरी पट्टी घेऊन खड्ड्याखालच्या ओढ्याकडे उतरली.

शाळेच्या खोलीत काका मागच्या बाकावर बसले होते. त्यांच्या शेजारची जागा कुणी घेतली नव्हती. बोलणं सुरू व्हायच्या आतच ते उभे राहिले.

"खड्डा बुजवतो. गुरंही विकून टाकतो. माझ्याच हाताने पाजलं मी तिला."

"काका, थांबा." ती उठली. तिने तिन्ही आकडे वाचले, खड्ड्याखालच्या ओढ्याचा, झऱ्याचा आणि बांधाखालच्या झिरप्याचा. ओढ्याचा आकडा बाराच होता.

खोलीतली सगळी डोकी दादाकडे वळली. दादाने बाकाची कड धरली.

"नांगरलं त्याने," ती म्हणाली. "सांगितलं मी. जुनं गवत निकस झालंय, उलटून टाक, असं मीच म्हणाले. फोनवर. जमीन न बघता."

दादाने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

काकांनी विचारलं, "म्हणजे खड्ड्यामुळे नाही?"

"नाही, काका."

त्यांनी खिशातून फोन काढला. सुनेचा नंबर लावला.

"आठ दिवस झाले, बाळाला घेऊन माहेरी गेलीय, माझ्याशी बोलत नाही," ते कुणाकडेही न बघता म्हणाले.

पलीकडे बराच वेळ घंटी वाजत राहिली. मग फोन उचलल्याचा आवाज आला. काकांनी फोन तिच्यापुढे धरला.

"तूच सांग, पोरी."

तिने फोन कानाला लावला. पलीकडे बाळ रडत होतं, आणि एक थकलेला आवाज विचारत होता, "कोण बोलतंय?"