दोन साडू आणि एक भोंगा

मी भोंगा बोलतोय. एवढ्यात कानांवर हात ठेवू नका. आता माझ्यात कुणी हवा सोडत नाही, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच मी हळू आवाजात बोलू शकतो.

माझा जन्म पितळकामाच्या एका कारखान्यात झाला. ज्या कारागिराने ठोकून ठोकून मला घडवलं, त्याने चाचणीच्या वेळी स्वतःच्या कानांत कापूस कोंबला आणि शेजाऱ्याला विचारलं, "येतोय का रे आवाज?" शेजारी तोवर स्टुलावरून खाली पडला होता. आवाज करणाऱ्याने कापूस घालायचा आणि ऐकायचं काम दुसऱ्यावर टाकायचं, ही माणसांची रीत मला तेव्हाच कळली.

मला एका लाँचच्या केबिनवर बसवलं. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे ती इतकी रुंद होते की पूल बांधायची गोष्ट फक्त निवडणुकीत निघते. तेव्हा माणसं, सायकली, भाजीच्या पाट्या आणि एखाददुसरी बकरी या काठावरून त्या काठावर न्यायचं काम आमचं. केबिनमध्ये माझ्याबद्दलचा नियम रंगाने लिहिला होता: धक्का सोडताना, समोर धोका असताना आणि धुक्यात भोंगा द्यावा. बाकी वेळ तोंड मिटून बसायचं. मला वाटलं, काय मानाची नोकरी आहे!

पण लाँच चालवणाऱ्या आमच्या तांडेलाला भूक लागायची. वळणावर त्याचं घर दिसलं की तो माझी दोरी ओढायचा. अर्थ असा की पातेलं चुलीवर ठेव, मी आलोच. एकदा त्याची बायको धक्क्यावर येऊन सगळ्यांदेखत म्हणाली, "अहो, तुम्हाला भूक लागली हे अख्ख्या नदीला कशाला कळायला हवं? मासेसुद्धा हसत असतील."

तांडेल हसला आणि जाताना पुन्हा दोरी ओढली.

मग मित्र दिसला, ओढ दोरी. वरात दिसली, ओढ दोरी. पुढारी धक्क्यावर उतरला तेव्हा तर मला इतका वेळ ओरडायला लावलं की त्याचं भाषण त्यामानाने आटोपशीर वाटलं. लोक टाळ्या वाजवायचे. धोका सोडून बाकी सगळ्यासाठी मी ओरडत होतो.

यात भर पडली साडूची. तांडेलाचा साडू वाळू वाहणाऱ्या बोटीवर तांडेल होता. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, एकमेकींवर जीव टाकणाऱ्या. या दोघांचं मात्र बिनसलेलं, कारण कधीतरी सासऱ्यांनी एकाच्या आधी दुसऱ्याला खुर्ची दिली होती. दोघांत बोलणं बंद. बोलायचं काम माझ्यावर आणि वाळूच्या बोटीवरच्या भोंग्यावर आलं. समोरासमोर आले की दोघे दोरी ओढायचे आणि जो शेवटी थांबेल तो जिंकला. आमचे प्रवासी ओरडायचे, "सोडू नका तांडेल, अजून ओढा!" स्वतःच्या घरात कुणी मोठ्याने खोकलं तरी वैतागणारी माणसं ही!

एका सकाळी असं धुकं पडलं की केबिनमधून लाँचचं टोकही दिसेना. त्या दिवशी तांडेलाची बायको लाँचवर होती. तिची बहीण आजारी होती, तिला बघायला निघालेली. नदीच्या मध्यावर तांडेलाने मला वाजवलं. अगदी नियमाने, धुक्यासाठी. समोरून उत्तर आलं, जास्त वेळ वाजलेलं.

"बघा! धुक्यातसुद्धा खोडी जात नाही याची," तांडेल म्हणाला आणि त्याने त्याहून जास्त वेळ दोरी ओढली.

तिकडून आणखी लांबलेलं उत्तर. भरलेली वाळूची बोट लवकर थांबत नाही. तिचं इंजिन ऐकलं असतं तर ती किती जवळ आली ते कळलं असतं. पण ऐकणार कोण आणि कसं? आम्ही दोन भोंगे "थांबा, थांबा" असा आकांत करत होतो आणि दोघा साडूंना त्यात फक्त खुर्ची ऐकू येत होती.

"अहो, बोट थांबवा," बायको म्हणाली.

"मी का थांबवू? तुझ्या दाजींना सांग की!"

"सांगते. आधी ती दोरी सोडा." तिने त्याचा हात हिसकला. मी गप्प झालो. मी गप्प झालो म्हणजे आपण जिंकलो, असं समजून समोरचाही थांबला. तेवढ्यात ती माणसांतून वाट काढत टोकाला गेली, तोंडाभोवती हात धरले आणि ओरडली, "दाजी! मी आहे हो लाँचवर! बोट थांबवा!"

हा आवाज त्या नदीने कधी ऐकला नव्हता.

"कोण? अगं, तू?" धुक्यातून घाबरलेला आवाज आला आणि पाठोपाठ उलट्या फिरवलेल्या इंजिनाची घरघर. आमच्या तांडेलानेही इंजिन उलटं घेतलं. तरी वाळूच्या बोटीचं काळं टोक धुक्यातून आलंच. आमचा कठडा आणि केबिनचा कोपरा घेऊन गेलं. मी खाली आदळलो आणि वाकडा झालो. माणसं एकमेकांवर पडली, पण वाचली.

"दाजी," कठड्याच्या तुकड्याला धरून ती म्हणाली, "आज बुडालो असतो तर ताईला काय सांगितलं असतंत? तुमचा भोंगा जास्त वेळ वाजला म्हणून?"



चौकशी झाली. मोठे साहेब आले. दोघे साडू पहिल्यांदाच एका सुरात बोलले, "साहेब, भोंगा तर आम्ही सारखा देत होतो!" साहेबांनी गंभीरपणे मान हलवली आणि ठरवलं की भोंग्यांचा आवाज कमी पडला. दोन्ही बोटींवर आणखी मोठे भोंगे बसवा. तांडेलाच्या बायकोला कुणी काही विचारलं नाही. साहेबांना पेढे पोचले, पुढाऱ्याच्या हस्ते दोरी ओढली गेली आणि त्याच दुपारी दोघा साडूंची नवी शर्यत लागली.

मी धक्क्यावरच्या कोठीत, तुटक्या दोरखंडांत पडलो आहे. माझ्या तोंडात कोळ्याने जाळं विणलंय. नव्या भोंग्यांचा मला हेवा वाटत नाही. त्यांनाही कुणी ऐकत नाही.

धुकं पडलं की तांडेलाची बायको हातातलं काम टाकून लाँचवर येते आणि टोकाला उभी राहते. दोन भोंग्यांवर आवाज चढवून हाका मारते. परवा ती उतरली तेव्हा तिचा घसा पार बसला होता.

कधी त्या लाँचवर बसलात आणि असं धुकं असलं, तर "अजून ओढा" म्हणू नका. तांडेलाचा दोरीवरचा हात घट्ट धरा. ती हाक मारतेय, ती हाक पलीकडे पोचू द्या.