अर्धी बादली

माझा धाकटा भाऊ एकोणीस वर्षं मालवाहू बोटीवर आचारी होता. तो घरी परतला त्या दिवसापासून गावाने त्याला 'कप्तान' करून टाकलं. पहिल्या आठवड्यात मी दोघातिघांना समजावून सांगितलं की बाबांनो, हा सुकाणू नाही, कालथा धरायचा. मग नाद सोडला. लोकांची तोंडं धरायला मला दोनच हात आहेत आणि ते कायम कामात असतात.

आमचं म्हणायला फार काही नाही. पाऊण एकर भाजी, सोळा कोंबड्या, एक विहीर, दोन खोल्या आणि गाय. हे सगळं मी एकटीने सांभाळलं. लग्न केलं नाही. का ते विचारायला येणाऱ्यांना मी कुंपणावरूनच वाटेला लावते. त्यामुळे माझ्या सवयी जरा घट्ट झाल्या आहेत, हे कबूल. कुदळ कुठे टेकवायची, कोंबड्या कुठल्या बाजूला सोडायच्या, गाईला आधी पाणी की आधी चारा, सगळं ठरलेलं. त्यात हा दोन बॅगा आणि सुऱ्यांची एक गुंडाळी घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, कायमचा आलो."

पहिल्याच दिवशी त्याने स्वयंपाक केला. बोटीवर माणसं बावीस. त्याचा अंदाज बावीसचाच. चार दिवस आम्ही दोघं, गाय, कोंबड्या आणि शेजारच्या सुताराचं अख्खं घर बटाटे खात होतो. चव चांगली होती, हेही खरं.

बाकीच्या खोडी मी गिळल्या. ताटं घसरू नयेत म्हणून तो खाली ओलं फडकं पसरायचा. झोपण्याआधी खुर्च्या भिंतीला टेकवून त्यांच्या पायात लाकडाची पाचर मारायचा. पण बादलीने मात्र माझा जीव खाल्ला. त्याला कुठलीही गोष्ट भरून घेता यायची नाही. चहाचा कप अर्धा, पातेलं अर्धं, बादली अर्धी. बोटीवर जमीन कधी स्थिर नसते, भांडं काठोकाठ भरलं तर उकळतं पाणी पायावर येतं. तसं एकदा आलंही होतं; उजव्या पावलावर त्याचा डाग आहे. समजलं. पण गाय चार बादल्या पाणी पिते आणि हा आठ खेपा घालतो, हे रोज उघड्या डोळ्यांनी बघायचं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच ठाऊक.

"अंगण हलत नाही रे," मी सांगायची.

"माहीत आहे," तो म्हणायचा, आणि पुन्हा अर्धीच घेऊन यायचा. "हात ऐकत नाही."

मी त्याला अर्धवट म्हणायला लागले. आधी बादलीपुरतंच. पण हा शब्द असा आहे की कामावरून माणसावर कधी चढतो ते कळत नाही.

त्यातच माझ्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला. डॉक्टर म्हणाले, फार थांबलात, आता गुंतागुंतीचं आहे, आठ दिवस इथेच राहावं लागेल. तारीख मिळाली ती नेमकी गाय व्यायच्या दिवसांतली. मी सुताराकडे गेले आणि म्हटलं, गाईवर लक्ष ठेवा, वेळ आली की गुरांच्या डॉक्टरला बोलवा. सुतार भला माणूस, फक्त त्याच्या पोटात काही राहत नाही. संध्याकाळ व्हायच्या आत त्याने कुंपणावरून माझ्या भावाला सांगितलं, "कप्तान, तुम्ही निवांत राहा, ताईंनी गाईचं मला सांगितलंय."

मी कांदे निवडत बसले होते. धाकटा आत आला आणि समोर उभा राहिला.

"गाय सुताराच्या हवाली केलीस?"

"हवाली कसली. लक्ष ठेवायला सांगितलं."

"आणि मी?"

"तू आहेसच की."

"आहेसच म्हणजे कसा? दाराला कडी आहे तसा?"

"हे बघ, आम्ही इतकी वर्षं हे सगळं..."

"आम्ही कोण गं?" त्याने आवाज चढवला नाही. "घरात तू एकटी होतीस. म्हणजे आम्ही म्हणजे तू आणि गाय. मला येऊन चौथा महिना लागला, ताई. 'आपली विहीर', 'आपला वाफा' असं तुझ्या तोंडून एकदाही आलेलं नाही. मी ऐकत असतो."

खरं होतं म्हणून झोंबलं. आणि झोंबलं की माझी जीभ माझी राहत नाही. मी म्हटलं, "ज्याला धड एक बादली भरता येत नाही, त्याच्या भरवशावर मी गाभण गाय सोडून जाऊ?"

तो आत गेला. आतून एक पाकीट घेऊन आला आणि कांद्यांच्या शेजारी ठेवलं. कंपनीचं पत्र होतं. जुन्याच बोटीवर जागा आहे, महिनाअखेरपर्यंत कळवावं.

"काय कळवणार आहेस?" मी विचारलं.

"तू परत आलीस की ठरवतो. तोवर गाईला माणूस हवं."

मला म्हणायचं होतं, वेडा आहेस का, जाऊ नकोस. मी म्हटलं, "तुझं तू बघ." आणि दुसऱ्या दिवशी बस पकडली.

दवाखान्यात माझ्या खोलीत पाच खाटा होत्या. डोळ्यावर पट्टी. नर्सबाईंनी नियम सांगितले: वाकायचं नाही, उचलायचं नाही, रडायचं नाही. मी म्हटलं, शेवटचं सोपं आहे, मला सवय नाही.

धाकटा रोज दुपारी चारला फोन करायचा. पहिले दोन दिवस बातमी कोंबड्यांची आणि वांग्यांची. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "व्याली."

"कधी?"

"आज सकाळी. डॉक्टर येऊन गेले. गाय बरी आहे. उभी राहिली, पाणी प्यायली."

मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या चारही खाटांना ऐकवलं. त्यांनी विचारलं, कालवड की गोऱ्हा? ते विचारायचं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला, "आलीस की कळेल. गाय आज थोडा कोंडा खातेय." मी फोन ठेवला आणि खोलीला सांगितलं की पुरुषांना एवढं साधं उत्तर देता येत नाही, आणि हा तर पहिल्यापासूनच तसला. सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि आता ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आठ दिवसांनी बसमधून उतरले तर थांब्यावर सुतार आला होता. त्याने माझी पिशवी घेतली आणि मुकाट्याने चालायला लागला. ज्याच्या पोटात काही राहत नाही तो माणूस अर्धा मैल एक अक्षर बोलत नाही म्हटल्यावर मी घरात न शिरता थेट गोठ्याकडे वळले.

गोठा स्वच्छ होता. गाय खुंट्याला उभी होती. तिच्या बाजूला कुणी नव्हतं.

"वासरू कुठे आहे?"

"आडवं आलं होतं, ताई," सुतार म्हणाला. "गुरांचा डॉक्टर दोन तास झटला. वासरू गेलेलंच होतं. गाय वाचली हेच नशीब, असं तो स्वतः म्हणाला. कप्तानांनी आम्हाला सगळ्यांना दम भरला होता, तुम्हाला कळता कामा नये म्हणून." मग त्याचं तोंड सुटलं ते सुटलंच. गाय तीन दिवस वैरणीला तोंड लावत नव्हती, पान्हा सोडत नव्हती. कप्तानांनी अंथरूण गोठ्यात आणलं. मूठमूठ कोंडा हातावर धरून बसायचे. आता ती धार देते, पण फक्त त्यांनाच.

मी फोनवरचं एकेक वाक्य आठवून पाहिलं. व्याली. बरी आहे. उभी राहिली. पाणी प्यायली. त्यात एक शब्द खोटा नव्हता. माझ्या भावाने बातमीसुद्धा अर्धीच भरली होती, वाटेत सांडू नये इतकीच.

धाकटा स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आला. मागे खाटेवर दोन्ही बॅगा भरून ठेवलेल्या दिसल्या.

"बोल काय बोलायचंय ते," तो म्हणाला.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला रडायची बंदी होती. नर्सबाईंनी मलाही फोनवर बजावलं होतं, डोळा जाईल म्हणून."

"माझी गाय होती रे."

"हो." त्याने हातातलं फडकं खांद्यावर टाकलं. "आई गेली तेव्हा तू मला काय कळवलं होतंस?"

मी पायरीवर बसले.

"'आईला बरं नाही, काळजी नसावी.' एवढंच," तो म्हणाला. "निरोप वायरलेसवर आला तेव्हा बोट भर समुद्रात होती. पुढचं बंदर एकोणचाळीस दिवसांवर. बंदरावर तुझं खरं पत्र वाट बघत होतं."

"तुला येता आलं नसतं. नुसता तडफडला असतास."

"तेच तर. वर्षभर तुझ्यावर चिडलो होतो, मग हिशेब लागला. ते एकोणचाळीस दिवस मी जेवलो, झोपलो, आईसाठी एक शाल घ्यायचं ठरवत होतो. ते दिवस तू मला दिलेस. तुझ्यासाठी काय करावं ते मला कळेना, म्हणून तू माझ्यासाठी केलंस तेच केलं."

आईबद्दलच्या त्या निरोपाविषयी आम्ही कधी बोललो नव्हतो. मी इतकी वर्षं धरून चालले होते की त्याच रागाने हा लांब राहिला, आणि आला तोही मला जाब विचारायला आला. म्हणून मी त्याला कशालाच हात लावू देत नव्हते. बादली नुसतं निमित्त होतं.

"ताई," तो घाबरून म्हणाला, "डोळा. रडू नकोस."

"उजव्याचं ऑपरेशन झालंय," मी म्हटलं. "डावा माझा मला मोकळा आहे."

तो खाली वाकून माझ्या शेजारी बसला. सुताराला तेवढ्यात घरची आठवण झाली.

"मला महिनाभर वाकायची बंदी आहे," मी नाक पुसत म्हटलं. "धार कोण काढणार?"

"महिनाभरच?"

जिभेवर काहीतरी तिरकस आलं होतं, ते गिळलं. "नाही रे. तू जाऊच नकोस. मला एकटीला आता नको वाटतं."

तो उठून आत गेला. थोड्या वेळाने बॅगेच्या चेनचा आवाज आला. उघडल्याचा होता, लावल्याचा नव्हे. एवढं मला पट्टी बांधूनही कळतं.