फिरते चट्टे

मी तोंडाची फटकळ, हे अख्ख्या वाकोल्याला ठाऊक आहे. म्हणून जिभेवर लाल चट्टे उठले तेव्हा शेजारची सपना म्हणाली, "बघ, बोलून बोलून सोलली!" मला कसलं हसू येतंय? बांगड्याचं तिखलं तोंडात घातलं की डोळ्यांतून पाणी. चट्टा आज डावीकडे, चार दिवसांनी उजवीकडे. मी तर कॅन्सरच धरून चालले होते.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं. "काही वाईट नाही हो. असे चट्टे येतात, फिरतात, जातात. टेन्शन असलं की काहींना वाढतात. घरात आणखी कुणाला आहे?"

"आईला होते. ती नाही आता."

"भावंडं?"

"भाऊ आहे. नंदू. मुलुंडला असतो," म्हटलं. चार वर्षांत त्याचं नाव पहिल्यांदा घेतलं होतं.

आईच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं, भटजी कंटाळले, नातेवाईक हात जोडून काय काय कबूल करू लागले. आणि माझ्या जिभेला काही हाड? सगळ्यांदेखत म्हणाले, "कसा शिवेल? शेवटच्या दिवशी तिच्यापाशी हा होता. घोटभर पाणी तरी विचारलं असेल का ह्याने?" नंदू एक शब्द बोलला नाही. चपला घातल्या आणि गेला. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

तेव्हापासून बोलणं बंद. दर भाऊबीजेला त्याचा नंबर काढायचे, बघत बसायचे, ठेवून द्यायचे. जीव तुटायचा नुसता, पण माज! आज निदान निमित्त होतं. दवाखान्यातून घरी आले आणि लावला फोन.

"मी ताई. हे बघ, जास्त बोलायचं नाहीये मला. डॉक्टरांनी विचारलंय. आईसारखे जिभेवर चट्टे उठतात का तुझ्या?"

मग म्हणाला, "उठतात."

"कधीपासून?"

"दहाव्यापासून."

मी खाली बसले. "नंदू, चुकले रे मी. मी तर तिथे नव्हतेच त्या दिवशी."

"पाणी प्यायली होती ती, ताई. दोन चमचे, माझ्या हातून. मग म्हणाली, सुलू आली का? तीनदा विचारलं."

"मग तेव्हा का नाही बोललास, मेल्या?"

"सगळ्यांसमोर कसं सांगू, की ती तुझी वाट बघत गेली?"

मी हमसाहमशी रडले. तो फोन धरून होता, ठेवला नाही त्याने.

"रविवारी जेवायला ये," शेवटी म्हटलं. "दहीभात करते, झोंबणार नाही."

"तिखलं कर," नंदू म्हणाला. "चार वर्षं झाली तुझ्या हातचं खाऊन. झोंबू दे."